टर्की, चंपाषष्ठी आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार: लहान मुलं असलेल्यांनो, थँक्सगिव्हिंगला काय करताय?

चिंचगूळ
१६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

मुलं झोपली, भांडी मशीनला लागली, आता बसले लिहायला.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. लेक पाच वर्षांची, यंदा किंडरगार्टनला लागली. चिरंजीव दोन वर्षांचे. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सप्टेंबरात साताऱ्याहून आलेत, मार्चपर्यंत आहेत. नोव्हेंबरात शाळा नक्की कधी भरते हे मला अजून कळलेलं नाही. मतदानाची सुट्टी झाली, त्याच आठवड्यात शिक्षकांच्या अधिवेशनाचे दोन दिवस झाले, आता २६ला, बुधवारी, अर्धी शाळा आणि पुढे थेट सोमवार. २ तारखेला घड्याळं तासभर मागे गेली, ते चिरंजीवांना कुणी कळवलेलं नाही. ते पहाटे पाचला हजर असतात. आणि संध्याकाळी साडेचारला अंधार.

आता मूळ मुद्दा. यंदा थँक्सगिव्हिंग (इथला आभार मानायचा सण, घरोघरी अख्खा टर्की पक्षी भाजतात) २७ तारखेला, आणि तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. साबांचा दिवसभर उपास, कलश, पोथी, संध्याकाळी नैवेद्य. आदल्या दिवशी, २६ला, चंपाषष्ठी. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, त्यामुळे २१ तारखेपासून सहा दिवस घट बसणार, षष्ठीला भरीत-रोडगा, तळी.

इकडे नवऱ्याने वाणसामानाच्या दुकानाच्या पॉइंटांवर बारा पौंडांचा टर्की फुकट मिळवलाय. आम्ही एरवी मांसाहार करतो, पण टर्की आजवर घरी केलेला नाही. यंदा लेकीने शाळेतून आणलेलं खूळ आहे, "सगळ्यांच्या घरी टर्की असतो, आपल्या घरी का नसतो?" साबा काही बोलल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "तो पक्षी फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवणार?" ज्यांना सासू आहे त्यांना या प्रश्नाचा अर्थ कळेल.

तर सांगा: टर्कीचं काय करू, चार दिवस मुलांना घरात कसं रमवू, आणि कार्पेटवर भंडारा उधळण्याचा कुणाला अनुभव आहे का? (घर भाड्याचं आहे. कार्पेट पांढरट आहे.)

---

मिनेसोटाकर
१६ नोव्हेंबर, रात्री ११:२५

टर्कीपुरतं बोलतो, कारण सात वर्षं करतोय. गोठलेला टर्की ओट्यावर ठेवून सैल करायचा नाही, फ्रिजमध्येच करायचा. दर चार-पाच पौंडांना एक दिवस. तुमच्या बारा पौंडांना तीन दिवस. म्हणजे गुरुवारी भाजायचा तर तो सोमवारी फ्रिजमध्ये यायला हवा, खाली ताट ठेवून, कारण पाणी गळतं. तुमचे घट बसलेले असताना, नैवेद्याच्या दुधाच्या शेजारी.

साबांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

भाजताना रंगावर जाऊ नका, थर्मामीटर खुपसा. मांडीच्या सगळ्यात जाड भागात आणि छातीत १६५ फॅरनहाइट आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी रंग बघून बाहेर काढला होता आणि मग आठ पाहुणे, चार पोरं रात्री साडेनऊपर्यंत पापड खात बसले होते.

पण माझा खरा सल्ला: राहू दे फ्रीझरमध्येच. अख्खा टर्की गोठलेल्या अवस्थेत वर्षभर चांगला राहतो.

---

खमंग_काकडी
१७ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

भंडाऱ्याबद्दल: जुनी चादर. एक नाही, दोन. आणि मुलांना पायमोजे घालू नकोस. पिवळ्या मोज्यांनी ती घरभर फिरतात, मग कार्पेटच काय, जिनाही जेजुरी होतो. हा अनुभव आहे.

आम्ही डॅलसला, घरात शाकाहारी. कुणाकडे जेवायला जाणार असशील आणि साबा सोबत असतील तर विचारून घे. स्टफिंग म्हणजे नुसता मसाल्याचा पाव दिसतो, पण बहुतेकदा त्यात कोंबडीचं किंवा टर्कीचं पाणी असतं. ग्रेव्हीत तर असतंच. रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन. पायच्या (pie, सारण भरलेला गोड पदार्थ) पारीत कधी कधी डुकराची चरबी. आम्ही पहिल्या वर्षी हे सगळं "व्हेज आहे" म्हणून सासऱ्यांना वाढलं होतं. त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि ते हे संकेतस्थळ वाचत नाहीत अशी आशा आहे.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), शाळेत काही न्यायचं असेल तर वर्गात शेंगदाणे चालतात का ते बघ. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठेकुठे असतं हे मला ती सूचना आल्यावर कळलं.

---

सुपारी_आजी
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

मी पुण्याची, सध्या लेकीकडे मुक्काम. चिंचगूळ, तुमच्या साबांची बाजू मांडायला कुणीतरी पाहिजे म्हणून लिहिते. आम्ही इथे येतो तेव्हा आमची रोजची दुनिया तीन खोल्यांची होते. गाडी चालवता येत नाही, शेजारी भाजी विचारायला जाता येत नाही. एक पोथी आणि एक कलश एवढंच आमच्या हातात असतं, त्यामुळे त्यात आम्ही जरा जास्तच काटेकोर होतो हे खरं आहे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. बाहेर शून्याच्या आसपास थंडी आणि ही मंडळी नातवाचं जॅकेट काढून त्याला कारसीटमध्ये बांधतात. मी म्हटलं, पोर गारठेल. लेक म्हणते नियम आहे. कसला हा नियम?

---

मिनेसोटाकर
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

आजी, लेक बरोबर सांगतेय. फुगलेल्या जॅकेटवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की जॅकेटमधली हवा दबते आणि पट्टा सैल पडतो. आम्ही आधी साध्या स्वेटरवर पट्टा बांधतो, मग तेच जॅकेट उलटं करून पुढून बाह्यांत हात घालतो. पोर गरम, पट्टा घट्ट.

---

सुपारी_आजी
१७ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

हे लेकीने असं समजावून सांगितलं असतं तर मी दोन महिने धुसफुसले नसते.

---

वायव्येचा_वारा
१८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आम्ही बॉस्टनच्या दक्षिणेला राहतो, थँक्सगिव्हिंगची गोष्ट जिथली सांगतात ते प्लिमथ गाडीने तासाभरावर. त्यामुळे हे जरा लांबेल, हलके घ्या.

मुलं शाळेतून कागदाची पिसं डोक्याला लावून येतात आणि "यात्रेकरू (म्हणजे इंग्लंडहून आलेले वसाहतकार) आणि इंडियन यांनी मिळून जेवण केलं" अशी गोष्ट सांगतात. १६२१च्या शरदात तिथे तीन दिवस जेवणावळी झाल्या हे खरं आहे. त्या वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे की वाम्पानोआगांचा (तिथल्या मूळ रहिवाशांचा) प्रमुख मॅसासॉइट सुमारे ९० माणसांसह आला आणि त्यांनी पाच हरणं आणली. टर्कीचं नाव त्यात नाही, नुसतं रानपाखरं मारून आणली एवढंच आहे. पण ज्या जागी ही वसाहत झाली तिथे आधी पटक्सेट नावाचं गाव होतं आणि ते काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या साथीत ओस पडलं होतं, हे त्या पिसांच्या टोपीत येत नाही. १९७० पासून प्लिमथच्या टेकडीवर दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. वाम्पानोआग आजही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात.

माझी मुलगी सहा वर्षांची. तिला मी एवढंच सांगितलं: ज्यांनी नव्या माणसांना इथलं मक्याचं पीक घ्यायला शिकवलं, त्यांची जमीन पुढे गेली, म्हणून काही लोक त्या दिवशी दुःखी असतात. तिने विचारलं, "मग आपण कोण? जमीन घेणारे की देणारे?" मी म्हटलं, आपण विमानाने आलो. पुढे काही सुचलं नाही.

---

अटकमटक
१८ नोव्हेंबर, रात्री ९:१२

वारा, माहिती चांगली आहे, पण पाच वर्षांच्या मुलीला हे सगळं सांगायची गरज आहे का? कार्तवीर्याने काय केलं आणि परशुरामाने काय केलं हे आपण दसऱ्याला सांगत बसत नाही. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

---

वायव्येचा_वारा
१८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

सगळं सांगू नकाच. खोटं सांगू नका एवढंच. आणि पिसांची टोपी घालायची नसेल तर शिक्षिकेला आधी दोन ओळींचा निरोप पाठवा. आमच्याकडे त्यांनी लगेच मक्याच्या कणसाचं चित्र दिलं. बऱ्याच शाळांनी तो प्रकार बंदही केलाय.

---

टोरांटोची_तारा
१९ नोव्हेंबर, दुपारी १:१५

आमचं कॅनडातलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी उरकलं. दिवाळीच्या आधी आठवडाभर. चकलीचा सोऱ्या आणि भोपळ्याचा पाय एकाच ओट्यावर. तुम्ही निदान फराळ संपल्यावर जेवताय.

---

चिंचगूळ
२१ नोव्हेंबर, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार, थोडक्यात लिहिते, आज घट बसले. टर्की गॅरेजमधल्या जुन्या फ्रीझरमध्ये गेला. साबांनी स्वतः येऊन पाहिलं आणि "इथे असू दे" म्हणाल्या. त्याच्या वरच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या वड्या गोठवल्या होत्या, त्या मात्र आत आणल्या.

लेकीने शाळेत कागद भरलाय, "मी ... साठी आभारी आहे". त्यावर पंजाचा ठसा, ठशाचा टर्की. बाकी मुलांनी आई, बाबा, कुत्रा वगैरे लिहिलंय. हिने लिहिलंय "आबांचे दात, कारण ते बाहेर येतात". शिक्षिकेने भिंतीवर लावलाय. साबु दोन दिवस गालात हसतायत, म्हणजे दात असतील तेव्हा.

थँक्सगिव्हिंगच्या सकाळच्या परेडबद्दल कुणी सांगा. मॅनहॅटनला न्यावं का?

---

खमंग_काकडी
२२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी जर्सीत असताना एकदा गेलेय. स्ट्रोलर, ट्रेन, गर्दी, आणि तीन वर्षांच्या मुलीला शू. एवढं पुरे. १९२४ पासून चालू आहे, तुमची मुलं आठ-दहा वर्षांची होईपर्यंत बंद पडणार नाही. टीव्हीवर बघा. फारच हौस असेल तर आदल्या दिवशी निसर्ग इतिहास संग्रहालयाजवळ परेडचे मोठे फुगे फुगवतात ते बघायला जा. पण तुमची तर तळी.

---

घारगेप्रेमी
२२ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

चार दिवस मुलांना रमवायचं तर हात पिठात घाला. लाल भोपळ्याचा डब्यातला गर मिळतो या दिवसांत सगळीकडे. पंधरा औंसांचा डबा घ्या, पण नीट वाचून: शेजारीच तसाच दिसणारा पायचा तयार डबा असतो, त्यात साखर आणि दालचिनी-लवंग आधीच घातलेली असते. मी एकदा त्याचे घारगे केले, नवऱ्याने विचारलं यात टूथपेस्ट पडली का.

गर पातेल्यात घेऊन त्यात वाटीभर गूळ विरघळवा, जरा आटू द्या. गार झाला की चिमूट मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक. किती कणीक ते मोजून सांगत नाही, डब्याडब्यात पाणी कमीजास्त असतं. पीठ घट्ट हवं. मुलांना प्लास्टिकवर थापायला बसवा, वर खसखस लावायला द्या. तळायला मात्र त्यांना लांब ठेवा.

---

चिंचगूळ
३० नोव्हेंबर, दुपारी २:३०

वृत्तांत. चिरंजीव झोपलेत, साधारण चाळीस मिनिटं आहेत माझ्याकडे.

मंगळवारी लेकीच्या वर्गात जेवण होतं. पालकांनी काहीतरी न्यायचं होतं, मी सोललेली संत्री नेली, कुणाला कशाची ॲलर्जी निघू नये म्हणून. तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा टर्की खाल्ला. एक घास. मग माझ्याकडे बघत तो हळूच रुमालात काढला आणि मोठ्याने मराठीत म्हणाली, "आई, हा कोरडा आहे. घरी वरणभात आहे ना?" दोन आठवडे घरात ज्या पक्ष्यावरून मुत्सद्देगिरी चालली होती, तो प्रश्न असा चार सेकंदांत निकालात निघाला. नवरा मात्र जरा हिरमुसला. पॉइंट त्याचे होते.

बुधवारी अर्धी शाळा. भरितासाठी वांगी भाजायला घेतली आणि धुराचा अलार्म वाजला. चिरंजीव आनंदाने नाचले, त्यांना वाटलं आरतीच सुरू झाली. बाजरीचे रोडगे साबांनी केले. तळी उचलायला पाच जण लागतात. साबु, नवरा, पलीकडच्या इमारतीतला त्याचा मित्र आणि त्याचा शाळकरी मुलगा असे चार होते. पाचवे म्हणून चिरंजीवांचा हात ताम्हनाला लावला. "येळकोट येळकोट" त्याला इतकं आवडलं की आता दुधाची बाटली उचलतानाही येळकोट होतो. दोन चादरी घातल्या होत्या, मोजे काढले होते. तरी सोफ्याच्या मागे एक पिवळा पंजा निघालाच. डिपॉझिट परत घ्यायची वेळ येईल तेव्हा बघू.

गुरुवारी सकाळी टीव्हीवर परेड आणि त्याच खोलीत कोपऱ्यात कलश. आंब्याचा डहाळा नव्हता, इंडियन दुकानात पानं संपली होती. साबांनी अंगणातल्या झाडाची पाच पानं घेतली. कुठलं झाड ते कुणालाच माहीत नाही, त्या म्हणाल्या "देवीला माहीत असेल".

दुपारी पोथी. भद्रश्रवा राजा, राणी सुरतचंद्रिका, आणि दारात आलेली म्हातारी, जिला राणी हाकलून देते. लेक मांडीवर बसून ऐकत होती. राणीने म्हातारीला हाकललं तिथे तिने पोथीच थांबवली. "आज थँक्सगिव्हिंग आहे आणि तिने आजीला जेवायला नाही बोलावलं?" साबा म्हणाल्या, "नाही ना बोलावलं." झालं. मग तिला समोरच्या घरातल्या बाई आठवल्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, यजमान गेल्या वर्षी गेले, मुलगा शुक्रवारी येणार होता. हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतः सोमवारी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना सांगितलं होतं, आणि मी "हो का, छान" म्हणून आत आले होते. उपास-घट-टर्कीच्या गडबडीत माझ्या डोक्यात आलंच नाही की गुरुवारी त्या एकट्या असतील.

नवरा आणि लेक जाऊन विचारून आले. त्या म्हणाल्या किती वाजता. आता आली पंचाईत, कारण साबांचा उपास संध्याकाळच्या नैवेद्यानंतर सुटतो, आणि इथे लोक दुपारी तीन-चारला जेवतात. साबुंनी कायदा काढला: दिवेलागण झाली की संध्याकाळ, आणि इथे साडेचारला दिवे लागतात. साबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, अंधार होताच. पाचला पानं घेतली.

पानात वरणभात, मटार-बटाटा, रताळ्याचा कीस आणि घारगे (डबा वाचून आणला होता). बाईंनी क्रॅनबेरीचा सॉस आणला होता, आणि एक न फोडलेली पिशवी कच्च्या क्रॅनबेरीची. साबांनी एक दाणा चावून बघितला आणि म्हणाल्या, "ही तर करवंदाची बहीण." मी भाषांतर केलं. मग दोघी करवंदावर, म्हणजे एक करवंदावर आणि एक क्रॅनबेरीवर, वीस मिनिटं बोलल्या. मधे मी उठून चिरंजीवांचं ढुंगण धुवून आले तरी त्यांचं काही अडलं नाही.

निघताना हळदीकुंकू. करंडा लेकीच्या ताब्यात होता, सकाळपासून तिने सगळ्यांना लावलं होतं, बाहुलीलाही. ती सरळ बाईंकडे गेली आणि लावलं. मी साबांकडे बघितलं. बाईंचे यजमान गेलेत हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांच्या घरात या बाबतीत काय चालत आलंय ते मला माहीत आहे. त्यांनी एक क्षण थांबून ताटलीतलं केळं उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. "फळ राहिलं होतं," म्हणाल्या.

शुक्रवारी बाईंचा मुलगा येऊन टर्की सँडविच देऊन गेला. नवऱ्याने ते गॅरेजमध्ये उभं राहून खाल्लं.

---

सुपारी_आजी
३० नोव्हेंबर, दुपारी ३:१०

"फळ राहिलं होतं." तुमच्या साबांना माझा नमस्कार सांगा.

---

अटकमटक
३० नोव्हेंबर, दुपारी ४:००

त्या क्रॅनबेरीच्या पिशवीचं काय केलंत?

---

चिंचगूळ
३० नोव्हेंबर, रात्री १०:१५

लोणचं. साबांनी दाणे अर्धे चिरून मीठ लावून तासभर ठेवले, मग लाल तिखट आणि मूठभर गूळ. फोडणीत मोहरी, हिंग, थोडी मेथी. शिजवलं नाही. फ्रिजमध्येच ठेवायचं. रंग असा आलाय की लेकीने "हे स्ट्रॉबेरी जॅम आहे" समजून चमचाभर तोंडात घातलं. उरलेली संध्याकाळ कशी गेली ते लिहीत नाही.

---

मिनेसोटाकर
३० नोव्हेंबर, रात्री १०:४०

आणि टर्की?

---

चिंचगूळ
३० नोव्हेंबर, रात्री १०:५५

आहे तिथेच. शेवटचा गुरुवार १८ डिसेंबरला, त्यामुळे त्याआधी नाव काढायचं नाही. नाताळला बघू म्हणतोय नवरा. सध्या त्याच्यावर मटारच्या दोन पिशव्या ठेवल्यात.